परात कुणाच्या हातात होती: अमृतसर, १२ ऑक्टोबर १९२०

आधी प्रकरण काय ते सांगतो, मग मागे जाऊ. १२ ऑक्टोबर १९२० ला अमृतसरमध्ये काही माणसं कडाह प्रसाद घेऊन दरबार साहिबला गेली, आपण ज्याला सुवर्णमंदिर म्हणतो तिथे. सगळी शीख होती, त्यातल्या बऱ्याच जणांनी नुकतंच अमृत घेतलेलं, म्हणजे रीतसर खालसा झालेली माणसं. पुजाऱ्यांनी तो प्रसाद घ्यायला नकार दिला. कारण एकच, ही माणसं जन्मली त्या घरांना गाव अस्पृश्य समजायचं. त्याच दिवशी तो प्रसाद घ्यावा लागला, त्याच दिवशी समोरच्या अकाल तख्ताचा, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च आसनाचा, ताबा बदलला, महिनाभरात गुरुद्वारांचा कारभार बघणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी उभी राहिली आणि पाच वर्षांत गुरुद्वारांचा कायदा आला.

शीख इतिहास वाचताना ही घटना बहुतेक ठिकाणी दोन ओळीत उरकलेली दिसते, "इथून गुरुद्वारा सुधार चळवळीला जोर आला" असं म्हणून लेखक पुढे १९२१ च्या ननकाना साहिबच्या कत्तलीकडे जातो. मला ते पटत नाही. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत शीख ओळख कशी घडली हे समजून घ्यायला या एका दिवसासारखी दुसरी जागा नाही असं माझं मत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी नांदेडचा. हजूर साहिबला लहानपणापासून जातोय, त्यामुळे कडाह प्रसाद म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही, पण ज्यांनी घेतला नसेल त्यांच्यासाठी. कडाह म्हणजे मोठी लोखंडी कढई. कणीक, तूप आणि साखर समसमान, कणीक तुपात चांगली लालसर भाजायची आणि मग पाणी. आपल्या सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, हा कणकेचा, आणि तूप इतकं की घेतल्यावर तळहात अर्धा तास तुपकट राहतात, लहानपणी आम्ही ते हात चेहऱ्याला पुसायचो. अरदास, म्हणजे प्रार्थना, होते, प्रसादाला कृपाण लावतात, मग आधी पाच भाग पंज प्याऱ्यांच्या, म्हणजे पहिल्या पाच खालसांच्या, नावाने काढतात आणि उरलेला सगळ्यांना एकाच भांड्यातून वाटतात. वाटणारा हातानेच गोळा घेतो आणि तुमच्या ओंजळीत ठेवतो. चमचा नाही, द्रोण नाही, हातातून हातात.

आता विचार करा, जिथे शिवाशिव पाळतात तिथे ही रीत म्हणजे काय असेल. शिजवलेलं अन्न, एकाच भांड्यातलं, कुणाच्याही हातचं. गुरूंनी ही रीत मुद्दामच अशी ठेवली. तिसरे गुरू अमरदास यांच्याकडे आधी पंगत मग संगत असा नियम होता, भेटायचं असेल तर आधी खाली बसून सगळ्यांबरोबर जेवा. आणि ते पाच भाग ज्यांच्या नावाने निघतात ते १६९९ चे पंज प्यारे, त्यात लाहोरचा खत्री होता, हस्तिनापूरचा जाट होता, जगन्नाथपुरीचा पाणक्या होता, द्वारकेचा छिंपी, म्हणजे कापडावर छपाई करणारा, होता आणि आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी होता. त्याच्याही आधी, १६७५ मध्ये, दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचं शीर जिवावर उदार होऊन आनंदपूरला पोचवणारे भाई जैता, ज्यांना गुरू गोबिंदसिंगांनी "रंगरेटा गुरू का बेटा" म्हणून छातीशी धरलं असं परंपरा सांगते, ते ज्या समाजाचे त्यालाच पुढे मजहबी शीख म्हणायला लागले.

म्हणजे मजहबी शिखाचा प्रसाद दरबार साहिबात नाकारणं ही किती उलटी गोष्ट होती बघा. पण ती घडत होती, वर्षानुवर्षं घडत होती. खालच्या जातीच्या शिखांना दर्शनाला येता यायचं पण ठराविक वेळेतच, आणि त्यांनी आणलेला प्रसाद अरदास करून घेतला जायचा नाही. आपल्याकडे काळाराममध्ये प्रश्न होता दाराचा, आत येऊच नका. इथे दार उघडं होतं, चार दिशांना चार दारं म्हणून त्या मंदिराची ख्यातीच आहे, पण आत या आणि तुमचं दिलेलं मात्र आम्ही घेणार नाही. मला हे दुसरं जास्त बोचतं.

हे असं का झालं होतं?

रणजितसिंगांच्या राज्यात दरबार साहिबला सोनं चढलं, मोठमोठ्या गुरुद्वारांना जहागिरी मिळाल्या. १८४९ ला इंग्रजांनी पंजाब घेतला आणि दरबार साहिबचा सरबराह, म्हणजे मॅनेजर, सरकारच्या पसंतीचा असायला लागला. बाकी अनेक गुरुद्वारे उदासी या संन्यासी पंथाच्या महंतांकडे होते, ते अमृत घेतलेले नसायचे, आणि पुढे कालवे आल्यावर त्या जमिनींचं उत्पन्न प्रचंड वाढलं तसे महंत जमिनीचे मालकच होऊन बसले. सरकारला हे सोयीचं होतं. १८८१ साली पंजाबच्या लेफ्टनंट गव्हर्नरने व्हाइसरॉयला कळवलेलं आहे की शीख मंदिरांचा कारभार सरकारी कंट्रोलबाहेरच्या कमिटीकडे जाऊ देणं राजकीयदृष्ट्या धोक्याचं ठरेल. म्हणजे वर सरकार, खाली सरबराह, त्याच्या खाली पुजारी. या साखळीत भाविक कुठेच नाही आणि मजहबी भाविक तर अजिबात नाही.

दुसरीकडे सुशिक्षित शिखांमध्ये वेगळीच घालमेल चालू होती. १८७३ मध्ये अमृतसरच्या मिशन स्कूलमधली चार शीख मुलं ख्रिश्चन व्हायला निघाली, त्या धक्क्यातून पहिली सिंग सभा, म्हणजे शीख सुधारकांची संघटना, निघाली, १८७९ ला लाहोरची. प्रोफेसर गुरमुख सिंग, ग्यानी दित्त सिंग ही त्यातली मोठी नावं, आणि ग्यानी दित्त सिंग स्वतः चांभार समजल्या जाणाऱ्या घरातले होते हे इथे सांगायलाच हवं कारण चळवळीचा सगळ्यात धारदार लिहिणारा माणूस तोच होता. मग १८९२ ला खालसा कॉलेज, १९०२ ला चीफ खालसा दिवाण. १८९८ मध्ये भाई काहन सिंग नाभा यांनी "हम हिंदू नहीं" लिहिलं आणि "आम्ही कोण" हा प्रश्न सरळ मांडला. १९०५ मध्ये दरबार साहिबच्या परिक्रमेत मांडलेल्या मूर्ती हलवल्या गेल्या. १९०९ मध्ये आनंद विवाहाचा कायदा झाला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाभोवती लावां, म्हणजे फेरे, घेऊन झालेलं लग्न कायदेशीर.

हे सगळं "आम्ही कोण" या प्रश्नाचं उत्तर होतं. पण "आमच्यात कोण कोण" या प्रश्नाला ही मंडळी बिचकत होती, आणि त्याची किंमत मोजावी लागली. रहतिया नावाचा एक विणकर समाज, शीख पण अस्पृश्य गणलेला, आम्हाला बरोबरीने घ्या म्हणून सिंग सभांकडे गेला. उत्तर मिळालं नाही. शेवटी १९०० साली लाहोरमध्ये आर्य समाजाने त्यांची शुद्धी केली, जाहीरपणे केस कापून. शीख माणसाचे केस भर सभेत कापले जाणं म्हणजे काय हे कुठल्याही शीख मित्राला विचारा. सगळ्या पंजाबात गहजब झाला. पण माझ्या मते खरा प्रश्न न्हाव्याच्या वस्तऱ्याचा नव्हता, ती माणसं आधी कुणाच्या दारात उभी राहिली होती आणि तिथून परत का गेली हा होता, आणि त्यावेळी तो विचारणारे फार थोडे निघाले.

त्या थोड्यांमध्ये एक माणूस होता भाई मेहताब सिंग 'बीर'. त्याची गोष्टच वेगळी. जालंधर जिल्ह्यातल्या बकापूरचे मौलवी करीम बख्श १९०३ मध्ये कुटुंबासकट शीख झाले, लखबीर सिंग नाव घेतलं, आणि मेहताब सिंग हा त्यांचा मुलगा. म्हणजे जन्माने मुसलमान घरातला. नव्याने आलेल्या माणसाला घरात खरंच जागा मिळते का पाटावरून उठवतात हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. त्याने १९०७ मध्ये अमृतसरला खालसा बिरादरी काढली, उद्देश हा की अमृत घेतलेल्या सगळ्यांना, जात कुठलीही असो, बरोबरीचं वागवलं गेलं पाहिजे. सरदारांची संस्था नव्हती ही, साधी, कष्टकरी, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींमधली माणसं होती.

आता तो दिवस.

खालसा बिरादरीचा वार्षिक दिवाण, म्हणजे मेळावा, १० ते १२ ऑक्टोबर १९२० असा होता आणि जागा होती जालियनवाला बाग. तारखा जोडून बघा, १३ एप्रिल १९१९ ला तिथे गोळीबार झाला, त्याला जेमतेम दीड वर्ष झालेलं, भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा ताज्या. आणि त्या दीड वर्षात दरबार साहिबच्या कारभाऱ्यांबद्दल लोकांच्या मनात काय साठलेलं होतं तेही लक्षात घ्या, गोळीबारानंतर जनरल डायरला दरबार साहिबात सरोपा, म्हणजे मानाचं वस्त्र, देऊन मान केला गेला ही गोष्ट घराघरात बोलली जात होती. त्यावेळचे सरबराह अरूर सिंग होते, लोकांचा राग इतका वाढला की १९२० च्या उन्हाळ्यानंतर त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि सुंदर सिंग रामगढिया आले. म्हणजे माणूस बदलला होता, पद्धत तीच.

तर दिवाणात बऱ्याच जणांना अमृत दिलं गेलं आणि मग ठरलं की सगळ्यांनी मिळून दरबार साहिबला जायचं, प्रसाद चढवायचा, अरदास करायची. बाग ते दरबार साहिब अंतर किती, चालत पाच-सात मिनिटं, अरुंद गल्ल्यांमधून. यांच्याबरोबर खालसा कॉलेजचे तीन प्राध्यापक निघाले, बावा हरकिशन सिंग, तेजा सिंग आणि निरंजन सिंग, हे निरंजन सिंग म्हणजे मास्टर तारा सिंगांचे धाकटे भाऊ. प्राध्यापक बरोबर असण्याला महत्त्व होतं, कारण त्यांच्यामुळे ही "त्या लोकांची" मागणी राहिली नाही. पण एक गोष्ट मनाला लागते, की प्राध्यापकांची तिन्ही नावं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन, जो कुणी हा इतिहास वाचतो त्याला ती पाठ होतात, आणि ज्यांच्या डोक्यावर त्या दिवशी परात होती त्यांचं एकही नाव कुणी आपल्याला शिकवलं नाही.

आत गेल्यावर पुजाऱ्यांनी सांगितलं, प्रसाद घेणार नाही, अरदास करणार नाही. वाद झाला, बराच झाला. पुजाऱ्यांच्या बाजूनेही क्षणभर बघू, कारण केस समजून घ्यायची तर सगळ्यांच्या बाजूने बघायला हवं. ते काही परके नव्हते, पगडी-दाढीवाले, गुरबाणी मुखोद्गत असलेले शीखच होते. त्यांचं पोट चढावा देणाऱ्या वरच्या जातीच्या भाविकांवर होतं, एकदा यांचा प्रसाद त्याच भांड्यात गेला की उद्या कुणीतरी खत्री किंवा जाट सरदार येऊन "आता मी इथला प्रसाद घेत नाही" म्हणाला तर काय, ही भीती त्यांना असणारच. आणि "पूर्वीपासून असंच चालत आलंय" हे तर कुठल्याही देवळात मिळणारं उत्तर. पण समजून घेणं वेगळं आणि बरोबर म्हणणं वेगळं. त्यांच्या मागेच जो ग्रंथ उघडा होता त्यात यातल्या एकाही गोष्टीला आधार नव्हता.

कोंडी फुटेना तेव्हा तोडगा निघाला की गुरू ग्रंथ साहिबालाच विचारू, वाक घेऊ. शीख रीतीत ग्रंथ उघडायचा आणि डाव्या पानाच्या वरच्या बाजूला जो शबद येईल तो त्या वेळेचा हुकूम. लक्षात घ्या, शिखांसाठी हा ग्रंथ जिवंत गुरू आहे, पुस्तक नाही, त्यामुळे वाक म्हणजे गुरूनेच तोंडाने सांगितलेलं. दोन्ही बाजूंनी मानलं. ग्रंथी गुरबचन सिंग यांनी ग्रंथ उघडला, आणि वाक आला राग सोरठमधला, तिसरे गुरू अमरदास यांचा:

"निगुणिआ नो आपे बखसि लए भाई सतिगुर की सेवा लाइ"

साध्या मराठीत, ज्यांच्यापाशी काही गुण नाहीत अशांनाही तो स्वतःच क्षमा करतो रे भावा, आणि सद्गुरूच्या सेवेला लावतो. त्या जागी, त्या क्षणी हे शब्द ऐकून लोकांचं काय झालं असेल कल्पना करा. प्रसाद घेतला गेला, अरदास झाली, सगळ्यांना वाटला गेला.

या ओळीवर मी खूप वेळा थांबलोय. सहसा तिचा अर्थ असा सांगतात की गुरूने गरीब बिचाऱ्या खालच्या लोकांना पदरात घेतलं. पण ओळीत गुणहीन कोण हे लिहिलेलं नाही. परात घेऊन आलेले गुणहीन, की परात नाकारणारे? माझ्या मते त्या दिवशी क्षमेची गरज दुसऱ्यांना होती, आणि सद्गुरूच्या सेवेला परत लावलं गेलं तेही त्यांनाच. हे माझं वाचन आहे, कुणाला मान्य नसेल तर हरकत नाही, पण बाणीत जागा सोडलेली असते ती अशासाठीच.

इथपर्यंत हे जातीचं प्रकरण होतं. पुढच्या तासाभरात ते वेगळं काहीतरी झालं. संगत, म्हणजे जमलेले भाविक, दरबार साहिबमधून समोरच अकाल तख्ताला गेली, तर तिथले पुजारी तख्त सोडून निघून गेलेले. अकाल तख्त म्हणजे सहावे गुरू हरगोबिंद यांनी उभारलेलं, पंथाचे निर्णय जिथून होतात ते आसन, ते असं रिकामं. प्रसाद नाकारण्यासाठी उचललेलं ते पाऊल होतं, पण त्याने नेमकं उलटं झालं, कारण तख्त सेवेशिवाय राहू शकत नाही ही भावना इतकी खोल की आता कुणीतरी तिथे बसणं भागच होतं. तेव्हा करतार सिंग झब्बर पुढे झाले, धडाडीचा माणूस, थोड्याच दिवसांपूर्वी सियालकोटचा बाबे-दी-बेर गुरुद्वारा महंताच्या तावडीतून सोडवण्यात यांचाच पुढाकार. त्यांनी विचारलं, तख्ताच्या सेवेला कोण थांबतंय? पंचवीस जण पुढे आले, तेजा सिंग भुच्चर त्यांचे जथेदार, म्हणजे प्रमुख, झाले. ना मारामारी, ना दंगा.

डेप्युटी कमिशनरने दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांना बोलावलं, ते फिरकले नाहीत, मग त्याने सुधारकांमधल्याच नऊ जणांची तात्पुरती कमिटी केली, म्हणजे सरकारी शिक्काच बसला. पण अकाल तख्तावरून हुकूम निघाला की १५ नोव्हेंबरला सगळ्या शिखांच्या प्रतिनिधींनी यावं. त्याच्या दोनच दिवस आधी सरकारने घाईघाईने ३६ जणांची स्वतःची कमिटी जाहीर केली. जमलेल्या शिखांनी काय केलं, ते ३६ च्या ३६ जण आत घेतले आणि १७५ जणांची कमिटी केली. भांडण टाळलं आणि हक्कही सोडला नाही. ती शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी. १४ डिसेंबरला अकाली दल.

पुढचं भराभर सांगतो कारण ते बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. जानेवारी १९२१ मध्ये तरनतारनला दोन अकाली मारले गेले, २० फेब्रुवारीला ननकाना साहिबात महंत नारायण दासच्या माणसांनी जथ्यावर हल्ला करून भयानक कत्तल केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने दरबार साहिबच्या तोषाखान्याच्या, म्हणजे खजिन्याच्या, किल्ल्या काढून घेतल्या आणि जानेवारी १९२२ मध्ये बाबा खडक सिंगांच्या हातात परत द्याव्या लागल्या, गांधीजींनी स्वातंत्र्याची पहिली लढाई जिंकली म्हणून अभिनंदनाची तार केली ती यावेळची. मग गुरू का बाग आणि जैतो इथले मोर्चे. १९२५ ला शीख गुरुद्वारा कायदा झाला.

या कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या आपल्या प्रकरणाशी थेट जोडलेल्या आहेत. एक, शीख कोण याची कायद्याने केलेली व्याख्या, शंका आली तर माणसाने घोषणा करायची की मी शीख आहे, गुरू ग्रंथ साहिबावर माझा विश्वास आहे, दहा गुरूंवर माझा विश्वास आहे आणि माझा दुसरा कुठलाही धर्म नाही. शेवटचं वाक्य वाचलं की १८९८ चं ते पुस्तक आठवतं. आणि या व्याख्येत जात कुठेच नाही. दोन, कमिटीसाठी निवडणूक, त्यात बायकांनाही मत, १९२५ साली, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी मजहबी, रामदासिया वगैरे शिखांसाठी राखीव जागाही आल्या. महंताच्या जागी मतदार आला. जगात फार कमी धर्मांनी आपल्या देवस्थानांचा कारभार असा मतपेटीतून निवडायला सुरुवात केलीय, आणि त्याची सुरुवात एका परातीपासून झाली.

पण, आणि हा पण मोठा आहे, एकदा ताबा हा मुद्दा झाला की जात हा मुद्दा मागे पडला. १२ ऑक्टोबरला सकाळी प्रश्न होता "आमचा प्रसाद घेणार का?" आणि रात्री प्रश्न होता "तख्त कुणाकडे?" पहिल्याचं उत्तर वाक देऊन झालं असं सगळ्यांनी धरलं आणि दुसऱ्यासाठी पाच वर्षं हजारो लोक तुरुंगात गेले. त्या त्यागाबद्दल मला अपार आदर आहे, त्यात मजहबी शीखही होते. तरी वाटतं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका मंदिरात मिळालं होतं, गावात नाही. गावात जमीन जाटाकडे, आणि मजहबी त्याच्या शेतावर राबणारा, एका ओळीत बसून लंगर खाल्ल्याने ते बदलत नाही. १९२६ मध्ये मंगू राम यांची आद धर्म चळवळ पंजाबात उभी राहिली आणि १९३१ च्या जनगणनेत लाखो दलितांनी आपला धर्म ना हिंदू ना शीख, आद धर्मी असा लिहवला. त्याच काळात शिखांची नोंदही वाढत होती, १९०१ ला साधारण २१ लाख, १९३१ ला ४० लाखांवर, आणि वाढीमागे जनगणनेत शीख कुणाला म्हणायचं याचा बदललेला निकषही होता आणि खालच्या जातींमधून आलेली माणसंही होती. येणारे आणि जाणारे दोघंही तेच विचारत होते.

इथे आपला, मराठी माणसाचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. त्या दिवशी जो ग्रंथ उघडला गेला त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांचे ६१ शबद आहेत. त्यातल्या राग भैरवमधल्या एका शबदात नामदेव सांगतात की मी हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, आणि मला धरून उठवलं, माझी जात हीन, यादवराया, छिंप्याच्या घरी मला जन्माला तरी का घातलंस. मग ते कांबळं उचलतात आणि देवळाच्या मागे जाऊन बसतात, आणि नामा जसजसा हरिगुण गातो तसतसं देऊळ त्याच्याकडे फिरतं. आपल्याकडे ही गोष्ट औंढा नागनाथची म्हणून सांगतात, नांदेडहून फार लांब नाही, आम्हाला शाळेच्या सहलीत ते देऊळ दाखवून सांगितलेली. म्हणजे बघा, प्रसाद नाकारणारे पुजारी ज्या ग्रंथाला रोज चवरी ढाळत होते त्यात हाकललेल्या भक्ताची गोष्ट तीनशेपेक्षा जास्त वर्षं लिहून ठेवलेली होती. रोज वाचली जात होती. तरीही.

दुसरा धागा बाबासाहेबांचा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, अमृतसरच्या त्या दिवसाला तेव्हा पंधरा वर्षं आणि एक दिवस झालेला. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरला शीख परिषदेला गेले, पुढच्या महिन्यात मुलगा यशवंत आणि पुतण्या मुकुंद यांना तिथे पाठवलं, शीख धर्माचा विचार ते मनापासून करत होते. त्याच संपर्कातून १९३७ ला मुंबईत खालसा कॉलेज उभं राहिलं, माटुंग्याचं, शिरोमणी कमिटीनेच काढलेलं. पुढे तो विचार मागे पडला, कारणं अनेक सांगितली जातात, त्यात मी शिरत नाही. पण एवढं खरं की ज्या कमिटीचा जन्म दलितांच्या परातीतून झाला त्या कमिटीकडे सोळा वर्षांनी दलितांचा सगळ्यात मोठा नेता आला होता, आणि आज त्या भेटीची आठवण म्हणून आपल्याकडे एक कॉलेज आहे.

१९४५ च्या शीख रहत मर्यादेत स्पष्ट लिहिलं गेलं की अमृत कुणालाही, जात न बघता, आणि लग्न जुळवताना जात विचारायची नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात शिखांमधल्या फक्त चार जाती आल्या, मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि सिकलीगर, बाकीच्यांसाठी १९५६ ची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे धर्म म्हणतो जात नाही, आणि सवलत मागायची तर मान्य करावं लागतं की आहे. शीख नेत्यांनी स्वतःच ही मागणी केली होती आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं, नाकारत बसण्यापेक्षा खूपच बरं.

आज दरबार साहिबला तुम्ही गेलात तर प्रसादाच्या ओळीत तुमची जात कुणी विचारत नाही, कुणाच्या मनातही येत नाही. तो विजय त्या दिवसाचा आहे आणि पूर्ण आहे. मात्र गावात बऱ्याच ठिकाणी मजहबींचा गुरुद्वारा वेगळा आणि स्मशानही वेगळं. जालंधरजवळच्या तल्हणमध्ये दलित गावात बहुसंख्य, गुरुद्वाराला चढावा भरपूर, आणि कमिटीत त्यांना घेत नव्हते. त्यांनी जागा मागितली तर गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, जून २००३ मध्ये दंगल झाली, आणि नंतरच्या समझोत्यात त्यांना कमिटीवर घेतलं. प्रसाद तिथे कधीच नाकारला जात नव्हता, भांडण हिशोबाच्या वहीचं होतं.